तीन चाकांची इस्त्री

तीन पायांचं स्टूल कधीही डगमगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली कागदाची घडी घालावी लागते, तीन पायांच्या स्टुलाखाली लागत नाही. जमीन कितीही वाकडीतिकडी असो, तीन पाय तिच्यावर टेकतातच. ही गोष्ट मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो. त्यामुळे तीन चाकांची गाडी घ्यायचं मी ठरवलं, त्यामागे हौस नव्हती, शास्त्र होतं. तसं मी जेवताना सर्वांसमोर जाहीरही केलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, स्टूल वळणावर जात नाही."

आमची मुलगी विमा कंपनीत आहे. अपघात झालेल्या गाड्यांचे दावे तपासणं हे तिचं काम. दिवसभर चेपलेले पत्रे बघून तिची नजर अशी झाली आहे, की रस्त्यावर धडधाकट गाडी दिसली तरी ही पुढे कुठून चेपेल तेच तिला आधी दिसतं. आमच्याकडे जेवायला आली की घरातल्या वस्तूंकडेही ती त्याच नजरेने बघते. मागच्या खेपेला बाथरूमची फरशी बघून तिने मान हलवली होती. तेव्हापासून मी तिथे भिंत धरून चालतो.

"आणि या वयात गाडी हवीच कशाला?" ती म्हणाली. "रिक्षा करा. नाहीतर मला फोन करा."

'या वयात' हे शब्द ज्याने शोधून काढले, त्याला लहानपणीच कोणीतरी बाकावर उभं करायला हवं होतं. माझ्या गुडघ्याचं तर मी तिला सांगितलंही नव्हतं. स्कूटर सिग्नलला थांबली की पाय टेकावा लागतो, आणि माझा उजवा गुडघा हल्ली टेकण्याआधी विचार करतो. त्याचा विचार होईपर्यंत स्कूटर आडवी झालेली असते. तीन चाकांना पाय टेकावा लागत नाही. सिग्नलला थांबावं, हाताची घडी घालावी आणि शेजारच्या स्कूटरवाल्याची कसरत बघत बसावं. शिवाय ही गाडी पेट्रोल पीत नाही, नुसता वास घेते. छोटं इंजिन, स्कूटरसारखं हँडल, वर छप्पर, बाजूला दारं, आणि बसायला दोघांची जागा, एकामागे एक. एकट्या माणसाने कामाला जाताना रिकाम्या खुर्च्या गावभर फिरवत न्यायच्या, हे मला कधीच पटलेलं नाही.

गाडी हवी होती ती शाळेसाठी. निवृत्त झाल्यापासून मी टेकडीपलीकडच्या एका लहानशा शाळेत आठवड्यातून दोनदा विज्ञान शिकवायला जातो. पगार नाही, परीक्षा नाही, डोक्यावर साहेब नाही. मास्तरांचा स्वर्ग म्हणून काही असेल तर तो असाच असणार. तिथली मुलं असे प्रश्न विचारतात की घरी येऊन झोप लागत नाही. "सर, सावली पाण्यात पडली तर ओली का होत नाही?" सांगा! अशा मुलांकडे जाणारी बस एके दिवशी बंद झाली. प्रवासी कमी पडतात म्हणे. मी एकटाच प्रवासी असायचो हे खरं, पण मी नियमित असायचो, याचा विचार कोणी केला नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांचा फोन आला. "सर, जमत नसेल तर सांगा हं, संकोच करू नका. त्या तासाला मी शुद्धलेखन घेईन."

शुद्धलेखनाशी माझं वैर नाही. पण ज्या तासाला लिंबात तारा खुपसून दिवा पेटवायचा होता, त्या तासाला मुलं माना खाली घालून ऱ्हस्व-दीर्घ गिरवणार, हे चित्र मला सहन होईना. "छे छे, येतो ना," मी म्हणालो आणि गाडी घेऊन आलो.

गाडी दारात आल्यावर तिच्याकडे मी प्रथमच लांबून पाहिलं. दुकानात ती मला मोहक वाटली होती. इथे, बाकीच्या गाड्यांच्या शेजारी, ती हुबेहूब कपड्यांच्या इस्त्रीसारखी दिसत होती. पुढे टोकदार, मागे रुंद, वर पकडायला असावी तशी छपराची कमान. खालच्या मजल्यावरच्या मुलांनी तिचं नाव तिथल्या तिथे 'इस्त्री' ठेवून टाकलं. आमची ही गॅलरीत आली, बराच वेळ बघत राहिली आणि तिने विचारलं, "अहो, हिची वायर कुठंय?"

"चल, एक फेरी मारू," मी म्हणालो.

"मी नाही बसायची त्यात."

"अगं, भीती कसली? शास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर..."

"तेच ते," असं म्हणून ती आत गेली. शास्त्राबद्दल तिच्या मनात भीती आहे, असा मी त्याचा अर्थ काढला.

पहिला पेच पडला तो जागेचा. आमच्या इमारतीत डावीकडे गाड्या आणि उजवीकडे स्कूटरी लावतात, मध्ये पिवळा पट्टा आहे. इमारतीचे सेक्रेटरी हे नियमांवर मनापासून प्रेम करणारे गृहस्थ. ते इस्त्रीभोवती फिरले, वाकले, चाकं मोजली, पुन्हा मोजली.

"गाडी म्हणावी तर एक चाक कमी आहे," ते म्हणाले.

"मग स्कूटर म्हणा."

"म्हटलं असतं हो. पण एक जास्त आहे."

यावर समितीची बैठक झाली. चहा झाला. एका सभासदाने इस्त्री गच्चीवर ठेवण्याची सूचना केली. कशी न्यायची, हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटी असा तोडगा निघाला की ती पिवळ्या पट्ट्यावर उभी करावी: पुढचं चाक स्कूटरींच्या हद्दीत, मागची दोन गाड्यांच्या हद्दीत. मला तो निर्णय न्याय्य वाटला. फक्त त्यामुळे आतली एकही स्कूटर आणि एकही गाडी बाहेर निघू शकेना. मग रोज सकाळी सगळ्या इमारतीला उशीर होऊ नये म्हणून मी सर्वांच्या आधी उठून इस्त्री रस्त्यावर नेऊन ठेवू लागलो. सर्वज्ञांशी माझी गाठ पडू लागली ती तिथे.

सर्वज्ञ हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कोणी वापरत नाही. पहाटे फिरायला जाताना ते इस्त्रीपाशी थांबत आणि रोज एक नवा सल्ला देत.

"मास्तर, ही कलंडणार."

"नाही कलंडत. वळणाआधी वेग कमी केला की झालं."

"माझ्या मेहुण्याच्या साहेबांची कलंडली होती."

"तीन चाकी?"

"नाही, होडी. पण कलंडणं ते कलंडणंच की! तुम्ही एक करा. मागच्या सीटखाली वाळूची पोती ठेवा."

आता हे नीट समजून घ्या, कारण सर्वज्ञांचं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पुढे एक चाक आणि मागे दोन अशी गाडी असेल, तर तिची तीन टेकणं जोडून एक त्रिकोण तयार होतो. पुढचं टोक निमुळतं, मागची बाजू रुंद. वजन मागे आणि खाली असेल तर गाडी ठाम. वजन पुढे किंवा वर गेलं, की त्रिकोणाची कड जवळ येते. भरधाव वळताना ब्रेक दाबला तर सगळा भार पुढे आणि बाहेर जातो, आणि मग व्हायचं ते होतं. म्हणून वेग आधी कमी करायचा, मग वळायचं, मग पुन्हा वाढवायचा. इतकं साधं आहे. मागे वाळू ठेवण्यात शास्त्रीय चूक काही नव्हती.

मी पोती ठेवली. इस्त्री ठाम झाली. इतकी ठाम झाली की शाळेच्या चढावर ती जागची हलेना, आणि पेट्रोलचा नुसता वास घेणारी ही गाडी ते घटाघट पिऊ लागली. त्यात एक पोतं उसवलं. आमच्या दारापासून चौकापर्यंत मी वाळूची एक सुबक रेघ काढत गेलो. इमारतीतल्या मांजराला मात्र ही सोय फार पसंत पडली. रात्रभर ते कुठल्या फटीतून आत शिरे, कोण जाणे. सकाळी दार उघडलं की त्याच्या पसंतीचा वास येई. तिसऱ्या सकाळी मी पोती काढून टाकली. सर्वज्ञ म्हणाले, "मी वाळू म्हटलं होतं, मांजर नव्हतं म्हटलं."

मग नोंदणीसाठी वाहन कार्यालय. तिथे मी स्वच्छ शर्ट घालून, सगळे कागद क्रमाने लावून गेलो. पहिल्या खिडकीवरचे कारकून इस्त्रीचा फोटो बघून म्हणाले, "तीन चाकं. म्हणजे भाड्याची. मीटर कुठंय?"

"भाड्याची नाही. मी स्वतःच बसणार आहे."

"स्वतः बसा हो, पण मीटर टाकून बसा."

दुसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी हँडल पाहिलं आणि ही स्कूटर आहे, हेल्मेट लागेल, असं सांगितलं. तिसऱ्या खिडकीने दारं पाहिली आणि ही मोटार आहे, पट्टा लागेल, असं ठरवलं. मग तिन्ही खिडक्यांचं आपापसात सुरू झालं. मी मध्ये उभा राहून सर्वांना त्रिकोण समजावून सांगत होतो, पण कोणाचं लक्ष नव्हतं. वर्गात असं झालं असतं तर मी डस्टर आपटलं असतं. शेवटी मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर एकच शब्द लिहिला: 'इतर'.

माणसाच्या मनाला लागायचं ते कशानेही लागतं. जन्मभर विज्ञान शिकवलं, शेकडो मुलं मार्गी लावली, आणि शेवटी सरकारदरबारी आपण कोण, तर इतर.

रस्त्यावरही तीच तऱ्हा. एका चौकातला हवालदार हेल्मेट नाही म्हणून अडवी, पुढच्या चौकातला पट्टा नाही म्हणून. मी दोन्ही घालू लागलो. डोक्यावर हेल्मेट, छातीवर पट्टा, आणि सिग्नलला थांबलं की लोक खिडकीतून डोकं आत घालून विचारत, "स्टेशनला येणार?" एक बाई तर विचारण्याच्याही भानगडीत पडल्या नाहीत. पिशव्यांसकट मागे बसल्या आणि म्हणाल्या, "बाजारावरून घ्या." मी घेतलं. काय करणार? वाद घातला असता तर मागे हॉर्न वाजले असते. वाटेत मी त्यांना पुढचं चाक एकच का असतं ते सांगितलं. बाजार यायच्या आधीच त्या उतरल्या.

पण शाळा मात्र सुरू राहिली. लिंबाचा दिवा लागला. मी हेल्मेट घालून फाटकातून आत शिरलो की मुलं इस्त्रीमागे धावत येत, आणि सगळ्या अपमानांची भरपाई होऊन जाई.

हे सगळं सुरळीत चालू असताना मुलीच्या कचेरीत कुठल्याशा तीन चाकी गाडीचा दावा आला. ती त्याच संध्याकाळी घरी हजर.

"वळणावर उलटली," ती म्हणाली.

"वेगात असणार."

"बाबा, मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. शनिवारी तुम्ही शाळेत जाल तेव्हा मी आईला घेऊन तुमच्या मागे गाडीने येते. जाताना बघते, तिथे बघते. मला पटलं तर तुम्ही आणि तुमची इस्त्री. नाही पटलं तर किल्ली मी घेऊन जाणार."

"आणि शाळा?"

"शाळा... शाळेला सांगू काहीतरी."

शाळेला सांगायचं काहीतरी म्हणजे शुद्धलेखन, हे मला माहीत होतं. त्या रात्री मी पाठ तयार केला. मुलांना शिकवायला 'तोल' हा धडा घ्यायचा, इस्त्री मैदानात उभी करायची, आणि ती किती सुरक्षित आहे हे मुलांच्या हातून सिद्ध करून दाखवायचं. एका दगडात दोन विद्यार्थी: एक माझा वर्ग आणि एक माझी मुलगी.

शनिवारी मी घरातून निघालो. आरशात मुलीची गाडी दिसत होती. मी असं चालवलं की रस्त्याच्या नियमांचं पुस्तक छापायचं असतं तर माझा फोटो मुखपृष्ठावर घातला असता. वळणाआधी वेग कमी, वळून झाल्यावर वाढवला, इशाऱ्याचा दिवा आधीपासून. टेकडीचा नागमोडी उतार मी इतक्या अलगद उतरलो की मागून येणाऱ्या दुधाच्या टँकरने हॉर्न वाजवून वाजवून घसा बसवून घेतला.

मैदानातल्या फरसबंद भागात मोठ्या बाईंनी दोघींसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मुलं रांगेत उभी होती. मी इस्त्रीच्या तिन्ही चाकांना जोडणाऱ्या रेघा खडूने फरशीवर काढल्या. "हा त्रिकोण. गाडीचं वजन जोवर या त्रिकोणाच्या आत पडतंय, तोवर गाडी काय करेल?"

"उभी राहील!" वर्ग ओरडला.

"आणि बाहेर पडलं तर?"

"पडेल!"

"शाबास. आता हे वजन बाहेर जाणं किती कठीण आहे, ते बघू." मी हेल्मेट चढवलं, आत बसलो, पट्टा लावला. उजवीकडची सगळी मुलं हलवून पार फाटकापाशी उभी केली, कारण प्रयोग करताना आधी काळजी आणि मग प्रयोग, हा माझा दंडक आहे. "मोठी मुलं डावीकडे या. गाडीला हात लावा. आणि ढकला."

त्यांनी ढकललं. इस्त्री हलली, पण उठली नाही. मी मुलीकडे पाहिलं. ती पुढे झुकून बघत होती. "आणखी जोरात!" मी म्हणालो. त्यांनी आणखी जोर लावला. डावीकडचं मागचं चाक किंचित उचललं गेलं. अगदी बोटभर.

"थांबा! असंच धरा!" मला आनंदाने काही सुचेना. पुस्तकातली आकृती जिवंत झाली होती. "आता सगळ्यांनी उजवीकडची रेघ बघा. वजन अजून रेघेच्या आत आहे. कुठे आहे?" कोणाला दिसेना. फाटकापाशी उभ्या असलेल्यांना तर शक्यच नव्हतं. तेव्हा त्यांना नीट दिसावं म्हणून मी उजवं दार उघडलं, पट्टा ताणला आणि कमरेपासून बाहेर वाकून खडूने नेमकी ती जागा दाखवली.

"इथे," मी म्हणालो.

आणि इस्त्री आडवी झाली.

ती आपटली नाही, हे मी आवर्जून सांगतो. मुलांच्या हातातून ती सावकाश, हळुवारपणे, एखादी कठीण गोष्ट समजावून सांगावी तशी उजवीकडे कलली आणि निजली. मी पट्ट्यात अडकून बाजूला लोंबकळत होतो. हेल्मेट फरशीला टेकलं होतं. दोन्ही हवालदारांचे मी मनोमन आभार मानले. हातात खडू तसाच होता, आणि रेघ आता नाकासमोर आली होती.

अशा वेळी पाठ मध्येच सोडणं बरं दिसत नाही.

"मुलांनो," मी आडव्या अवस्थेत विचारलं, "वजन कुठे गेलं?"

"बाहेर, सर!"

"बरोबर."

मोठ्या बाईंनी आणि मोठ्या मुलांनी मिळून इस्त्री उभी केली. मला लागलं काहीच नव्हतं. कोपर खरचटलं आणि मान गेली. मान म्हणजे ती प्रतिष्ठेची. ही आली, तिने माझं हेल्मेट काढलं, दोन्ही बाजूंनी डोकं तपासलं आणि शर्टावरची धूळ झटकली. मुलगी मात्र इस्त्रीभोवती फिरत मोबाईलवर फोटो काढत होती. सवय, दुसरं काय! मग तिने तिच्या कचेरीतल्या आवाजात विचारलं, "अपघाताच्या वेळी गाडीचा वेग किती होता?"

"शून्य," मी म्हणालो.

"कुठे चालला होतात?"

"कुठेच नाही."

"समोरून काही आलं?"

"नाही."

"इंजिन?"

"बंद."

तिने मोबाईल खाली केला. "बाबा, माझ्या टेबलावर आजवर दारू पिऊन झाडावर चढवलेली गाडी आली आहे. नदीत घातलेली आली आहे. उभी गाडी, बंद इंजिन आणि पट्टा लावलेला चालक ही पहिलीच." मग ती मुलांकडे वळली. "काय झालं ते मला कोण सांगेल?"

सगळे हात वर. आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं. त्रिकोण, वजन, डावीकडून ढकलणं, उजवीकडे वाकणं. एकाने खडू घेऊन आकृती काढली, दुसऱ्याने तिच्यात बाण घातले. माझं कोपर चुरचुरत होतं, पण छाती फुगत होती. इतका पक्का धडा मी कुठल्याच वर्गाच्या डोक्यात बसवला नव्हता.

"इतके साक्षीदार आणि सगळ्यांचं म्हणणं एक," मुलगी पुटपुटली. "हेही पहिल्यांदाच." मग तिने मुलांना विचारलं, "म्हणजे ही गाडी धोक्याची आहे का?"

मुलांनी आपापसात कुजबुज केली. दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. "नाही. वळायच्या आधी हळू केली तर नाही. आणि जोरात वळताना ब्रेक दाबला नाही तर नाही."

"मग आज पडली कशामुळे?"

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला माझी दया आली असावी. पण विज्ञानात खरं तेच बोलायचं, हे मीच शिकवलेलं. "सर शिकवत होते म्हणून," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. ही दुसरीकडे बघू लागली, पण तिचे खांदे हलत होते.

मुलीने मला झाडाखाली बाजूला नेलं. किल्ली तिने माझ्या हातातून आधीच घेतली होती. "बाबा, गाडी तुम्ही चांगली चालवता. खरंच. वळणं तर इतकी बरोबर घेतलीत की मला माझीच लाज वाटली. पण येताना तुम्ही मागे वळून बघत होतात, आणि एक हात हँडलवरून काढून हवेत त्रिकोण काढत होतात. मागच्या सीटवर कोणीही नव्हतं. कोणाला शिकवत होतात?"

मला आठवेना. मग आठवलं. पाठाची उजळणी करत होतो. मागे बसलेल्यांना नीट कळतंय का, ते बघायला वळत असणार. रिकामी सीट फार एकाग्रतेने ऐकते, हे मी कबूल केलं.

"मग किल्ली कोणाकडे?" मी विचारलं. मैदानात मुलं त्रिकोणाभोवती अजून वाद घालत होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

तिने किल्ली बोटाभोवती फिरवली. "तुमच्याकडेच. पण अट आहे. गाडी चालू असताना शिकवायचं नाही. अवाक्षर नाही. काही सांगायचंच झालं तर गाडी बाजूला घ्यायची, थांबवायची, हाताचा ब्रेक लावायचा, मग बोलायचं. आणि हे तुम्ही पाळताय की नाही, बघायला मागे कोणीतरी हवं."

"कोण बसणार माझ्यामागे?"

"मी बसते," ही म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती, कळलंच नाही.

"तू? तुला तर इस्त्रीची भीती वाटते."

"कोण म्हणालं? कलंडण्याची भीती मला कधीच नव्हती. मागच्या सीटवर बांधून घालून टेकडीभर त्रिकोण ऐकायचा, त्याची होती." तिने माझ्या हातात हेल्मेट दिलं. "तुम्ही बोलणार नसाल तर मी पुढच्या खेपेपासून शाळेतसुद्धा येते. मोठ्या बाई म्हणत होत्या, मुलांना कोणी गोष्टी सांगायला हवंय."

परत निघालो तेव्हा ही मागे बसली, पट्टा लावला, पिशवी मांडीवर घेतली. मुलीची गाडी मागून. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अवघड प्रवास. टेकडीच्या चढावर इंजिनाचा सूर बदलला, मी गप्प. समोरून बैलगाडी आली, दोन चाकांची, तिच्याबद्दल कितीतरी सांगण्यासारखं होतं, मी गप्प. एक ट्रक वळणावर जोरात गेला आणि त्याच्यावरची पेंढ्यांची रास बाहेरच्या बाजूला कलली. अशी आकृती पैसे देऊन मिळत नाही. मी ओठ दाबून पुढे बघत राहिलो. मागे इतकी शांतता होती की हिला झोप लागली असावी, असं मला वाटलं.

माथ्याजवळ तिचा आवाज आला.

"अहो."

मी नुसती मान हलवली.

"पुढे दोन चाकं आणि मागे एक, असं केलं असतं तर? जोरात ब्रेक दाबला की भार पुढे जातो म्हणता ना? मग रुंद बाजू पुढेच नको का?"

संपूर्ण वर्गात एकाही मुलाने हा प्रश्न विचारला नव्हता. सर्वज्ञांनी विचारला नव्हता, तिन्ही खिडक्यांनी विचारला नव्हता. या माणसाशी मी लग्न करून इतकी वर्षं काढली आणि तिला काय विचारता येतं, याचा मला पत्ताच नव्हता.

मी इशाऱ्याचा दिवा लावला. वेग कमी केला. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं, हाताचा ब्रेक ओढला. खिशात खडू होता. खाली उतरून मी कडेच्या दगडावर दोन त्रिकोण काढले, एक सुलट आणि एक उलट. ही उतरून शेजारी उभी राहिली आणि माझ्या हातातला खडू काढून घेत, पहिल्याच त्रिकोणात बोट ठेवून म्हणाली, "थांबा, मला सांगू दे आधी."

मुलगी धावत आली. "काय झालं? बंद पडली का?"

"नाही," मी म्हणालो. "तुझ्या आईला एक प्रश्न पडलाय."

तिने आईच्या हातातल्या खडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परत गेली आणि आपल्या गाडीचं इंजिन बंद करून आली.

"मग वेळ लागणार," ती म्हणाली आणि आमच्या शेजारच्या दगडावर बसली. मी हेल्मेट काढलं.